नवी गाडी घेतलीत, आता ऑइल कधी बदलायचं? (न्यू जर्सीत नवीन आलेल्यांसाठी)

एडिसनला येऊन मला आता १४ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत भारतातून नवीन आलेल्या बऱ्याच पोरांसोबत मी गाडी घ्यायला गेलोय. गाडी घेताना सगळे भरपूर अभ्यास करतात, लोनचा रेट, इन्शुरन्स, सनरूफ, सगळं तोंडपाठ असतं. पण गाडी दारात उभी राहिली की पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर हजार मैल झाले की फोन येतो, "दादा, पहिली सर्व्हिसिंग कुठे करू?" नाहीतर दीड दीड वर्ष कोणी बॉनेट उघडूनही बघत नाही. पहिल्यात थोडे पैसे जातात, दुसऱ्यात इंजिन जाऊ शकतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आपल्याकडे नवीन मारुती घेतली की हजार किलोमीटरला पहिली फ्री सर्व्हिस, मग ५,००० ला, मग १०,००० ला, आणि शोरूमवाले स्वतः फोन करून करून बोलावतात. इथे ती हजारची सर्व्हिस नसतेच. फॅक्टरीतून भरून आलेलं पहिलं ऑइल लवकर काढून टाकू नका, होंडा तर स्पष्ट सांगते की ते ठरलेल्या वेळेपर्यंत गाडीत राहू द्या. आणि इथे बोलावणं येईलच असं नाही, आलं तरी ते सेल्सचं आहे की खरंच गरजेचं हे तुम्हालाच कळायला हवं. त्यात आपलं न्यू जर्सी म्हणजे १९४९ पासून कायद्यानेच पंपावर माणूस पेट्रोल भरतो, आपण काच खाली करून कार्ड देतो आणि निघतो, त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागाशी कित्येकांचा महिनोन् महिने संबंधच येत नाही.

तर कधी बदलायचं? ग्लव्ह बॉक्समध्ये जे जाड पुस्तक आहे (हल्ली काही गाड्यांत बारीक पुस्तिका आणि बाकीचं ॲपवर) त्यात मेंटेनन्सचं पान काढा. तिथे दोन आकडे असतात, मैल आणि महिने, आणि जे आधी येईल ते धरायचं. टोयोटाच्या सिंथेटिक (साध्यापेक्षा जास्त टिकणाऱ्या) ऑइलवाल्या बहुतेक गाड्यांना १०,००० मैल किंवा १२ महिने, मात्र दर ५,००० मैल किंवा सहा महिन्यांनी टायर रोटेशन (टायरांच्या जागा आपसात बदलणं) आणि तपासणी. पहिली २ वर्षं किंवा २५,००० मैल ही ठरलेली सर्व्हिस टोयोटाकेअरमध्ये फुकट असते, ती सोडू नका, गाडीच्या किमतीत तुम्ही त्याचे पैसे दिलेले आहेत. होंडात वेगळं आहे, गाडी स्वतः हिशोब ठेवते, डॅशबोर्डवर ऑइल लाइफ टक्क्यांत दिसतं, १५ टक्क्यांला ती आठवण करते, ५ ला म्हणते आता करा. सोबत ए किंवा बी असं अक्षर आणि एखादा आकडा येतो. ए म्हणजे ऑइल, बी म्हणजे ऑइल, फिल्टर आणि ब्रेक वगैरेची तपासणी, १ म्हणजे टायर रोटेशन, २ म्हणजे एअर फिल्टर. काउंटरवर फक्त तो कोड सांगायचा आणि तेवढंच काम करून घ्यायचं. टक्के शिल्लक असले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच.

आता मुख्य गोष्ट, जी आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. मैल कमी म्हणजे गाडीला आराम, असं अजिबात नाही! आपल्यातले कितीतरी जण सकाळी घरून मेट्रोपार्क नाहीतर एडिसन स्टेशनला दोन-तीन मैल जातात, गाडी दिवसभर पार्किंगमध्ये, ट्रेनने न्यूयॉर्क, संध्याकाळी परत तेवढंच, आणि शनिवार-रविवारी ओक ट्री रोडला भाजी. जानेवारीतल्या थंडीत दोन मैलांत इंजिन धड गरमच होत नाही. गार इंजिनात जळताना जे पाणी तयार होतं ते आणि थोडं न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, लांब पल्ल्याला ऑइल चांगलं तापलं की ते उडून जातं, पण छोट्या फेऱ्यांत उडायला वेळच मिळत नाही, साचत राहतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची ताकद जाते. म्हणून कंपन्यांच्या पुस्तकात कडक वापराचं वेगळं कोष्टक असतं, त्यात थंडीतल्या छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, तासन् तास चालू इंजिनावर उभी गाडी, जड ट्रेलर ओढणं हे सगळं येतं. स्टेशन-घर-स्टेशन करणारे तुम्ही त्याच कोष्टकात आहात. टोयोटाचे ते १०,००० तुमच्यासाठी ५,००० किंवा सहा महिने होतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका नाशिकच्या मुलाची गोष्ट यासाठीच सांगतो. नवी टर्बो गाडी, १४ महिन्यांत जेमतेम ४,२०० मैल, म्हणाला अजून तर ऑइल चेंजला खूप वेळ आहे, गाडीतला लाइटही लागला नव्हता कारण तो लाइट फक्त मैल मोजणारा होता. डिपस्टिक (इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी कांडी) काढून बघितली तर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर आणि ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास. लेव्हल जास्त दिसली की लोक खूश होतात, पण न घालता ऑइल वाढलं म्हणजे त्यात काहीतरी मिसळलंय. त्याच आठवड्यात बदललं, आता तो दर सहा महिन्यांनी करतो आणि रविवारी एकदा टर्नपाइकला (टोलच्या हायवेला) वीसेक मैल चक्कर मारून येतो, गाडी नीट तापते.

डिपस्टिक बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, कांडी काढून पुसायची, परत पूर्ण आत घालून काढायची, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. महिन्यातून एकदा बास. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, रंगावरून काही ठरत नाही.

कुठलं ऑइल, हे पुस्तकात आणि बहुतेक वेळा ऑइलच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, हल्ली बऱ्याच गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ ०डब्ल्यू-१६ (ही ऑइल किती पातळ-जाड आहे ते सांगणारी ग्रेड). गावाकडचे मेकॅनिक काका जाड ऑइल चांगलं म्हणायचे ते त्यांच्या गाड्यांसाठी बरोबर होतं, या इंजिनांच्या वाटा बारीक आहेत आणि थंडीत सुरू होताना पातळ ऑइलच वर लवकर पोचतं. बिलावर ग्रेड लिहिलीय का बघून घ्या.

डीलरकडेच करायला हवं नाहीतर वॉरंटी जाते, ही भीती काढून टाका. १९७५ पासून इथे मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे, बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. पण काम वेळेवर झालं हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक पावती, तिच्यावर तारीख आणि ओडोमीटरचा आकडा, फोटो काढून एका फोल्डरमध्ये. घरी स्वतः करत असाल तर ऑइल आणि फिल्टर घेतल्याच्या पावत्या. लीजची गाडी असेल तरीही हे सगळं करायचंच, करारात लिहिलेलं असतं.

पहिल्या वर्षी एका ठिकाणी मी साधं ऑइल बदलायला गेलो आणि इंजिन फ्लश, फ्युएल सिस्टिम क्लीनिंग, केबिन फिल्टर असं सगळं मिळून ४०० डॉलरचं बिल देऊन आलो, गाडी तेव्हा १८,००० मैलांची होती. नवीन देश, समोरचा माणूस ठामपणे सांगतोय, नाही म्हणायला जीभ उचलत नाही, हे मला माहितीये, म्हणून वाक्य पाठ करून जा: "पुस्तकात या मैलांना जे लिहिलंय तेवढंच करा, बाकीचं लिहून द्या, मी घरी विचार करतो." केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, बहुतेक गाड्यांत दहा मिनिटांत हाताने बदलता येतो, मी १८ डॉलरला आणतो.

ऑइल बदलून दिल्यावर काचेवर पुढच्या तारखेचं स्टिकर लावतात, बरेचदा ३,००० मैल पुढचं. ती जुन्या साध्या ऑइलच्या काळातली सवय आहे, सिंथेटिकला तुमचं पुस्तक धरा. निघण्याआधी तिथेच रिमाइंडर रिसेट केलाय का बघा, नाहीतर गाडीचा हिशोब चुकतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवल्यावर खाली डाग आहे का ते बघाच. एकदा माझ्या गाडीचा ड्रेन प्लग (ऑइल काढायच्या भोकाचा खालचा बोल्ट) सैल राहिला होता, ड्राइव्हवेवर वाटीएवढा डाग दिसला म्हणून वाचलो, त्या दिवशी मी फिलाडेल्फियाला निघालो होतो.

इन्स्पेक्शनचं (राज्याच्या सक्तीच्या तपासणीचं) स्टिकर आणि सर्व्हिसिंग यांचा काही संबंध नाही. न्यू जर्सीत नव्या गाडीला पहिली पाच वर्षं इन्स्पेक्शन नसतं, नंतरही साध्या गाड्यांचं फक्त धुराचं बघतात, ऑइल कोणी बघत नाही.

डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जाणार असाल आणि ऑइलची तारीख मध्येच पडत असेल तर जायच्या आधी बदला, जुनं खराब ऑइल इंजिनात घेऊन गाडी थंडीत उभी ठेवू नका. टायरची हवाही तेव्हाच बघा, तापमान दर १० डिग्री फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते, किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. हायब्रिड घेतली असेल तर तिलाही इंजिन आहे, ऑइल लागतंच. पूर्ण इलेक्ट्रिकवाल्यांना ऑइल नाही, पण टायर रोटेशन, केबिन फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड त्यांच्याही पुस्तकात आहे, ते पान काढून बघा.