काळ्या अमेरिकन लेखकांना वाचायचंय? मग त्यांच्या भांडणापासून सुरुवात करा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांचं काही वाचायचं म्हटलं की लोक आधी यादी मागतात. यादी हातात पडली की गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसच्या १८४५ च्या आत्मकथनापासून क्रमाने सुरू करतात आणि तिसऱ्या पुस्तकाशी दमतात. वर एक खोड लागते ती वेगळीच: प्रत्येक पुस्तक अन्यायाचा पुरावा म्हणून वाचायचं, हळहळायचं, पान उलटायचं. एम.ए.च्या वर्गावर हा पेपर मी बरीच वर्षं शिकवला, निवृत्तीनंतर आता लातूरला एक लहानसं वाचनमंडळ चालवते, आणि दोन्हीकडे माझा हट्ट एकच. या लेखकांनी आपापसात जे वाद घातले, ते आधी वाचा. गोऱ्यांशी त्यांचं काय भांडण होतं ते तुम्हाला ठाऊकच असतं.

पहिल्या बैठकीला कादंबरी घेऊच नका. जून १९२६ मध्ये 'द नेशन' या साप्ताहिकाने लागोपाठच्या दोन अंकांत दोन लेख छापले. पत्रकार जॉर्ज स्कायलरचं म्हणणं, काळ्यांची म्हणून वेगळी कला असं काही नसतंच. इथला काळा माणूस हाही इतरांसारखाच अमेरिकन, त्याच शाळेत शिकलेला, तीच वर्तमानपत्रं वाचणारा. पुढच्या आठवड्यात कवी लँग्स्टन ह्यूजने उत्तर दिलं. त्याचा लेख एका तरुण कवीपासून सुरू होतो. हा कवी म्हणतो, मला कवी व्हायचंय, निग्रो कवी नव्हे. ह्यूज म्हणतो, याचा अर्थ याला मनातून गोरं व्हायचंय.

दोन्ही लेख छोटे आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतात. दोघांनी एकेक लेख वाचून यायचं आणि आपापल्या लेखकाची बाजू लढवायची. मग गटाला विचारा: ह्यूजने त्या पोराला न्याय दिला का? आमच्याकडे कविता लिहिणारा एक मुलगा ताडकन म्हणाला, 'मलाही दलित कवी म्हणू नका, नुसतं कवी म्हणा.' त्यावरून जे पेटलं ते चहा गार होईस्तोवर चाललं. मला विचाराल तर ह्यूज त्या पोराबाबत जरा घाईच करतो. पण तुमच्या गटात हे आधी सांगू नका.

ह्यूजच्या कविता वाचण्याआधी बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेची दोन-तीन गाणी ऐका. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःखाचं लोकगाणं. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा थोडी वळवून, आणि तिसऱ्या ओळीत यमकासकट उत्तर, अशी बांधणी असते. ती कानात बसली की ह्यूजची पुनरुक्ती कंटाळवाणी वाटत नाही. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉयसचं १९०३ चं निबंधांचं पुस्तक 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' घेतलंत तर प्रकरणांच्या सुरुवातीला स्वरलिपीच्या ओळी दिसतील, खाली ना शब्द ना गाण्याचं नाव. त्या गुलामांच्या शोकगीतांच्या ओळी आहेत. त्या ओलांडून पुढे जाऊ नका. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारा माणूस गाठा. आम्हाला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक काका सापडले.

आता कादंबरी. झोरा नील हर्स्टनची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) घ्या, आणि तीही सहाव्या प्रकरणापासून. फ्लोरिडातलं ईटनव्हिल, काळ्यांनीच वसवलेलं आणि चालवलेलं गाव. हर्स्टन तिथेच वाढली. कादंबरीत तिथल्या दुकानाच्या ओसरीवर माणसं एका हाडकुळ्या खेचराची टर उडवत बसलेली असतात. बाया म्हणे त्याच्या बरगड्यांवर कपडे घासतात! दुकानदार, म्हणजे गावाचा मेयर जो स्टार्क्स, पाच डॉलरला ते खेचर विकत घेऊन मोकळं सोडतो. पुढे ते मरतं तेव्हा गाव त्याची नकली अंत्ययात्रा काढतं आणि जो चक्क त्याच्या पोटावर उभा राहून भाषण ठोकतो. ही सगळी पानं मोठ्याने वाचा. संवादांतलं स्पेलिंग विचित्र दिसतं, 'आय'च्या जागी 'आह', 'दॅट'च्या जागी 'डॅट'. डोळे अडखळतात, कान अडखळत नाही. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत हा प्रकार मराठी ग्रामीण कथा वाचलेल्यांना नवा नाही.

हसून झालं की दोन जागा शोधायला सांगा. एक त्याच प्रकरणात: जोची बायको जेनी हिलाही खेचराचे किस्से सुचतात, पण नवऱ्याने तिला ओसरीवरच्या गप्पांत तोंड उघडायला बंदी केलेली आहे. दुसरी जागा मागे, दुसऱ्या प्रकरणात. जेनीची गुलामीत जन्मलेली आजी सांगते, काळी बाई म्हणजे या जगाचं खेचर.

एवढं झाल्यावरच त्याच पिढीतला काळा लेखक रिचर्ड राइट याने या कादंबरीचं केलेलं परीक्षण काढा. ऑक्टोबर १९३७ मध्ये 'न्यू मासेस' या डाव्या नियतकालिकात त्याने लिहिलं की या कादंबरीत ना विषय, ना संदेश, ना विचार. गोऱ्या वाचकाला हसवणारी जुनी नक्कलच ही. पुढच्याच वर्षी हर्स्टनने त्याच्या कथासंग्रहाला 'द्वेषाचं पुस्तक' म्हणून परतफेड केली. खेचराचं प्रकरण ताजं असताना राइट वाचला की मत आपोआप तयार होतं. माझं मत हर्स्टनच्या बाजूचं. पण राइटला निकालात काढण्याआधी त्याच्या 'ब्लॅक बॉय' (१९४५) या आत्मकथनातला मेम्फिसच्या वाचनालयाचा प्रसंग वाचा. काळ्यांना तिथली पुस्तकं मिळत नसत, म्हणून तो एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड घेतो आणि त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहितो. चिठ्ठीत स्वतःचा उल्लेख मुद्दाम शिवीने करतो, म्हणजे ती गोऱ्यानेच लिहिली असं वाटावं. असा माणूस साहित्याकडे करमणूक म्हणून बघेल कसा? राइटवर पुढे जेम्स बॉल्डविन हा तरुण काळा लेखक एका निबंधात तुटून पडला, १९४९ मध्ये. तो निबंधही हाताशी असू द्या.

थोडा कायदाही माहीत हवा. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. म्हणजे गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूलही गुलामच. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे कायदेशीर ठरवले, आणि ज्याला काळा म्हणून गाडीतून उतरवलं तो होमर प्लेसी दिसायला गोरा होता. हे कळलं की नेला लार्सनची 'पासिंग' (१९२९), म्हणजे गोरी म्हणून खपून जाणाऱ्या काळ्या बाईची कादंबरी, झटक्यात उलगडते.

मराठी वाचक इथे लगेच म्हणतो, 'हे तर आपलंच.' नातं खरंच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. तरी पहिल्या वाचनात तुलना नको. सुचेल ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. 'पासिंग'मधली क्लेअर रंगाच्या जोरावर गोऱ्यांत खपून जाते. आपल्याकडे रंगावरून जात कळत नाही, त्यामुळे लपवायचं ते आडनाव आणि गाव. लपवण्याची रीत बदलली की पकडलं जाण्याची भीतीही बदलते, आणि तुलना घाईने केली की नेमकं हेच सुटतं.

टोनी मॉरिसनची 'बिलव्हड' (१९८७) सगळ्यांत शेवटी. १८५६ मध्ये केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नरने पकडले जाताना पोटच्या मुलीला मारलं, ही घटना कादंबरीच्या मुळाशी आहे. ती आधी सांगून टाकावी की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. मी सांगते, कारण १६६२ चा कायदा आणि ही घटना शेजारी ठेवली की 'आईने असं का केलं' हा प्रश्न निदान नीट विचारता येतो. सुरुवातीची पानं कळली नाहीत तर मागे जाऊ नका, वाचत राहा. दुसऱ्या भागात आई सेथ, तिची मुलगी डेन्व्हर आणि घरात आलेली बिलव्हड यांची स्वगतं एकामागून एक येतात, आणि मग कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. ती पानं तिघींना वाटून द्या, आणि आवाज एकमेकांत मिसळले तर मध्ये थांबवू नका.