लिनक्स लॅब लावताना इन्स्टॉलरकडून किती काम करून घ्यावं?

सांगली-मिरजेत सिस्टिम अ‍ॅडमिनची पहिली नोकरी म्हणजे बहुधा कॉलेजची लॅब, मिरजेतलं एखादं हॉस्पिटल नाहीतर कुपवाड एमआयडीसीतला कारखाना. मशिन तीस-चाळीस, माणूस एकटा. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं ठरलं की नवखा माणूस प्रीसीड फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, लिहायला बसतो आणि प्रिंटर, प्रॉक्सी, विद्यार्थ्यांची खाती, कंपायलर असं सगळंच तिच्यात कोंबतो. लेट-कमांडची, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणाऱ्या आज्ञांची, शेपटी वाढतच जाते.

अडचण अशी की प्रीसीड मशिनवर एकदाच चालते. पुढे प्रिंटरचा आयपी बदलला तर फाइल दुरुस्त होईल, पण आधी लावलेली मशिन जुन्याच आयपीवर राहतील. मग एकेका मशिनसमोर बसून हाताने बदल, आणि दिवाळीपर्यंत दोन मशिन सारखी सापडत नाहीत. शिवाय लेट-कमांड चालते तेव्हा नवी सिस्टिम बूटच झालेली नसते, तिची सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) सुरू नसते. सर्व्हिस चालू आहे असं गृहीत धरणारी ओळ तिथे फसते, आणि ती ओळ तपासायला पुन्हा पूर्ण इन्स्टॉलेशन करावं लागतं.

म्हणून इन्स्टॉलरकडे एवढंच द्या: पार्टिशन, बेस सिस्टिम, बूटलोडर, होस्टनेम, एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिनसाठी), पायथन, आणि पब्लिक की (पासवर्डशिवाय लॉगिनसाठी) व सुडो (रूटचे अधिकार) असलेलं एक अ‍ॅडमिन खातं. पायथन लागतं ते अ‍ॅन्सिबलसाठी, म्हणजे एसएसएचने सगळ्या मशिनवर बदल लावणाऱ्या साधनासाठी. पायथन नसेल तर त्याचे जवळपास सगळे मॉड्यूल (एकेक काम करणारे भाग) अडतात. डेस्कटॉपसुद्धा इथे नको, तो प्लेबुकमधून, म्हणजे अ‍ॅन्सिबलला दिलेल्या कामांच्या यादीतून, येऊ दे.

डिस्कचं नाव प्रीसीडमध्ये ठोकून लिहू नका. साटा डिस्क एसडीए म्हणून दिसते, एनव्हीएमईचं नाव वेगळं असतं, आणि पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर कधी पेन ड्राइव्हच एसडीए होऊन बसतो. पार्टमनच्या (इन्स्टॉलरचा पार्टिशन करणारा भाग) अर्ली-कमांडमध्ये, म्हणजे पार्टिशनआधी चालणाऱ्या आज्ञेत, यूएसबी वगळून डिस्क निवडणारी छोटी स्क्रिप्ट टाका. नेटवर्कवरून बूट करणार असाल तर जुन्या बायोस आणि नव्या यूईएफआय मशिनला वेगवेगळी बूट फाइल लागते, आणि मेन्यूचा डीफॉल्ट पर्याय कायम ‘स्वतःच्या डिस्कवरून बूट’ हाच ठेवा. नाहीतर इन्स्टॉलर आपोआप चालून ऑफिसमधला हिशेबाचा पीसी एखाद्या सकाळी कोरा झालेला दिसेल.

एका मशिनच्या डिस्कची इमेज घेऊन बाकीच्यांवर क्लोन करणाऱ्यांनी मशिन-आयडीची (मशिनच्या ओळख क्रमांकाची) फाइल इमेज घेण्याआधी रिकामी करावी. नाहीतर सिस्टिमडीचं नेटवर्क वापरणारे क्लोन डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला) एकच ओळख सांगतात आणि एकाच आयपीवरून भांडतात. एसएसएचच्या होस्ट की (मशिनची ओळख पटवणाऱ्या) पण प्रत्येक मशिनवर नव्याने बनवाव्या लागतात.

बाकी सगळं अ‍ॅन्सिबलमध्ये, गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवून. प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी ‘चेंज्ड’ शून्य यायला हवं. येत नसेल तर बहुतेक वेळा शेल मॉड्यूल कारणीभूत असतं, कारण त्याला वेगळं सांगितलं नाही तर ते दर वेळी बदल झाला असंच कळवतं. प्लेबुकमधून पॅकेजची ओळ खोडली म्हणून पॅकेज मशिनवरून जात नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ते ‘अ‍ॅबसेंट’ असं लिहून एकदा सगळीकडे फिरवावं लागतं, मगच ओळ काढायची. बदल आधी चेक मोडमध्ये (काही न बदलता काय बदलेल ते दाखवणाऱ्या), मग एका मशिनवर, मग सगळ्यांवर.

लॅबची खरी डोकेदुखी म्हणजे बंद मशिन. वीज गेलेली असते, कुणी मेन स्विच पाडलेला असतो, आणि तुम्ही ढकललेला बदल दहा मशिनना पोचतच नाही. अशा ठिकाणी अ‍ॅन्सिबल-पुल बरं: मशिन चालू झालं की टायमर ते चालवतो आणि मशिन स्वतःच गिटमधून ताजं प्लेबुक ओढून लावून घेतं. मात्र गिटची रिपॉझिटरी (प्लेबुकचा साठा) लॅबच्या सर्व्हरवरच ठेवा, इंटरनेटवर अवलंबून राहू नका.

दर सत्राच्या सुट्टीत एक मशिन पूर्ण पुसून पुन्हा लावून बघा. नंतर हाताने जे काही करावं लागलं, ते प्लेबुकमध्ये यायचं राहिलंय. त्याच दिवशी लिहून टाका.