शाळा उघडण्याआधी वर्गातल्या तंत्रसाधनांची तयारी

वर्गातलं तंत्रज्ञान अडतं ते सहसा महागड्या वस्तूपाशी अडत नाही. न सापडणारा चार्जर, सैल झालेली पिन, रिमोटमधले संपलेले सेल, मुदत उलटलेला पासवर्ड, तास वाया जातात ते यांच्यापायी. म्हणून तयारीची सुरुवात खरेदीने करू नका, मोजणीने करा. त्याच्याही आधी एक माणूस ठरवा. ही जबाबदारी कुणाची आणि तो रजेवर असताना कुणाची, ही दोन नावं लेखी लिहून शिक्षकदालनात लावा. ‘सगळे मिळून बघू’ असं ठरलं की कुणीच बघत नाही.

शाळा उघडायला सहा आठवडे उरले की मोजणी सुरू करा. जडसंग्रह नोंदवहीत ‘लॅपटॉप ३० नग’ असं लिहिलेलं असतं. हिशेबतपासणीला ते पुरतं, कामाला पुरत नाही. वेगळा तक्ता करा आणि त्यात दर वस्तूला एक ओळ द्या: शाळेचा क्रमांक, मॉडेल, सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख, खोली, चार्जर किती वॅटचा. लॅपटॉपवर चिकटवलेला क्रमांकच त्याच्या चार्जरवरही चिकटवा, नाहीतर ४५ वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या यंत्राला लागतो आणि ‘चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरते’ अशी तक्रार येते. क्रमांकाची चिठ्ठी हवेच्या जाळीवर येऊ देऊ नका. प्रत्येक यंत्र चालू करून पाहा आणि मग तीन ढीग करा: चालू, दुरुस्तीला, बाद. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा झाकण नीट मिटत नाही असं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. तो लॅपटॉप बंद करा, चार्जिंगवरून काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि जाणकाराकडे द्या.

याच वेळी प्रत्येक यंत्राच्या सुरक्षा अपडेटची मुदत पाहून घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती यंत्रं पुढच्या आवृत्तीवर जातात का, सशुल्क वाढीव मुदत घ्यायची का, की त्यांना इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त टंकलेखनाला वापरायचं, हे आताच ठरवा. क्रोमबुकची (गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपची) मुदत सेटिंगमध्येच दिसते. ती खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत, त्या मॉडेलची मुदत आधीच ठरलेली असते. त्यामुळे स्वस्तात मिळालेलं जुनं मॉडेल दोन-तीन वर्षांतच मुदतीबाहेर जाऊ शकतं.

पुढचा आठवडा विजेचा. ६५ वॅटचे ३० लॅपटॉप एका चार्जिंग गाडीत (अनेक लॅपटॉप एकत्र चार्ज करायच्या चाकांच्या कपाटात) एकदम लावले तर भार १९५० वॅटपर्यंत जातो. ती गाडी साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. तिला जास्त क्षमतेचं, स्वतंत्र वायरिंगचं सॉकेट द्या, किंवा टायमर लावून आधी अर्धे आणि नंतर अर्धे लॅपटॉप चार्ज करा. गाडी तासभर चालल्यावर प्लगला हात लावून बघा. तो गरम लागत असेल किंवा सॉकेटभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ते सॉकेट बंद ठेवा. अर्थिंग मोजून घ्या. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हलका झिणझिण्यासारखा झटका लागत असेल, तर आधी संशय अर्थिंगवर घ्यावा. यूपीएसच्या (वीज गेल्यावर काही मिनिटं पुरवठा देणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं टिकतात. पुढचा दिवा हिरवा आहे एवढ्यावर विसंबू नका. नेहमीचा भार जोडलेला असताना मुख्य स्विच बंद करा आणि घड्याळ लावून मिनिटं मोजा. राउटर आणि नेटवर्क स्विच (नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र जोडतात ती पेटी) यूपीएसवर हवेतच. लेझर प्रिंटर मात्र नको, कारण तो तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस मान टाकतो.

नेटवर्कला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथला दोष दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्याच. नेहमीची तक्रार अशी: सकाळी सगळं ठीक असतं, तिसऱ्या तासाला नवी यंत्रं जोडली जातात पण इंटरनेट येत नाही. लगेच इंटरनेट कंपनीला फोन लावला जातो. आधी त्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला मिळणारा क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आणि फक्त नव्याने येणाऱ्यांचंच अडत असेल तर बहुधा पत्ते संपलेत. साध्या मांडणीत एका नेटवर्कवर जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. शिक्षकांचे फोन, विद्यार्थ्यांचे टॅब, प्रिंटर आणि कॅमेरे मिळून ते सहज भरतात, आणि निघून गेलेल्या यंत्राचाही पत्ता ठरलेली मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. ती मुदत एक दिवसाची असेल तर चार तासांवर आणा. शाळा मोठी असेल तर पत्त्यांचा पट्टा वाढवून घ्या, आणि पाहुणे, विद्यार्थी, कार्यालय यांची नेटवर्कं वेगळी करा. शुल्काच्या नोंदी ज्या संगणकावर आहेत तो आणि मुलांचे टॅब एकाच नेटवर्कवर असणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दोन खोल्यांतले अॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी यंत्रं) एकाच चॅनलवर असतील तर सिग्नल पूर्ण दिसतो आणि काम मात्र रेंगाळतं. वर्गातली यंत्रं शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. अॅक्सेस पॉइंट लोखंडी कपाटाच्या मागे किंवा बंद पेटीत बसवू नका. तिथपर्यंतची नेटवर्क केबल १०० मीटरच्या आत ठेवा. चाचणी घेताना एका लॅपटॉपवर वेग मोजून समाधान मानण्यात अर्थ नाही. एका खोलीत ३० यंत्रं लावा आणि सगळ्यांवर एकाच वेळी व्हिडिओ सुरू करा. प्रत्येकी अडीच मेगाबिट धरले तरी एका वर्गाला ७५ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. दोन वर्ग एकदम चालणार असतील तर तशीच चाचणी घ्या, आणि जोडणी पुरत नसेल तर वेळापत्रकात ते तास वेगळे टाका. कित्येकदा हा उपाय जोडणी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतो.

प्रोजेक्टरचं काम तुलनेने सरळ आहे. मेन्यूत दिव्याचे तास पाहा, ३००० च्या पुढे गेले असतील तर नवा दिवा आधीच मागवून ठेवा. फिल्टर काढून साफ करा. मधेच बंद पडणारा प्रोजेक्टर बहुतेक वेळा धुळीने गुदमरून तापलेला असतो. तास संपताच भिंतीवरचं बटण बंद करायची सवयही दिव्याला मारक आहे, आतला पंखा थांबल्यावरच वीज तोडायची.

स्पर्शफलकाला (बोटाने चालणाऱ्या मोठ्या पडद्याला) दोन केबल लागतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एचडीएमआयने चित्र जातं आणि स्पर्श यूएसबीने परत येतो. चित्र आहे पण बोट चालत नाही, तर आधी यूएसबी बघा. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची, त्यापुढे वीजपुरवठा असलेली वाढीव केबल लागते. लांबलचक एचडीएमआयवर चित्र लुकलुकलं तर केबलच बदला, फलकाला दोष देऊ नका. स्पर्श आपोआप उमटत असेल तर चौकट निरखून पाहा. इन्फ्रारेड फलकाच्या (चौकटीतल्या अदृश्य किरणांनी बोट ओळखणाऱ्या फलकाच्या) कडेला चिकटवलेली सूचनेची चिठ्ठी, टेपचा तुकडा किंवा खडूची भुकटीही त्याला बोट वाटते.

तीन आठवडे उरले की सगळे संगणक चालू करून अपडेट उरकून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी शंभर यंत्रं एकदम अपडेट ओढायला लागतात आणि जोडणी ठप्प होते. सुट्टीभर बंद असलेल्या संगणकाची तारीख तपासा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं नाकारतो, आणि पुन्हा खापर इंटरनेटवर फुटतं. असे पाच-सात सेल कपाटात असू द्या.

खात्यांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सोडून गेलेल्यांची खाती बंद करा, त्यांच्या फायली आधी दुसऱ्याच्या ताब्यात द्या. मुख्य (अॅडमिन) खात्याचा ताबा दोन व्यक्तींकडे असावा. पडताळणीचा संदेश एकाच माणसाच्या फोनवर येत असेल तर तो माणूस गावाला गेल्यावर शाळा अडते. सॉफ्टवेअरच्या वर्गणीच्या आणि शाळेच्या डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) नूतनीकरणाच्या तारखा कॅलेंडरवर टाका. संकेतस्थळ गाळणी (नको ती संकेतस्थळं अडवणारी सोय) विद्यार्थ्याच्या खात्यातून आणि शिक्षकाच्या खात्यातून वेगवेगळी तपासा. नको ते उघडतं का, एवढंच बघू नका, पाठाला लागणारं अडतंय का तेही बघा. मुलांची नावं, फोटो किंवा आवाज मागणारं कुठलंही अॅप मान्यतेशिवाय वर्गात येणार नाही, हे लेखी कळवा.

शेवटच्या आठवड्यात शिक्षकांचं प्रशिक्षण घ्या, पण सभागृहात नको. ज्या वर्गात ते शिकवणार तिथल्याच फलकावर, पाच-सहा जणांच्या गटात, ४० मिनिटं पुरतात, आणि त्यात प्रत्येकाने स्वतः जोडून, बिघडवून, परत सुरू करून दाखवायचं. प्रत्येक खोलीत फलकाशेजारी एक कार्ड लावा: वीज आहे का, फलकावर योग्य इनपुट निवडलंय का, केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, विंडोज बटण आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलंय का, आणि एवढं करून न झाल्यास कुणाला फोन करायचा. पडद्यावर नुसतं रिकामं चित्र दिसतं आणि स्लाइड लॅपटॉपवरच राहते, तेव्हा बहुधा चौथ्या ओळीतच उत्तर असतं.

मदतीची पेटी प्रत्येक मजल्यावर एक: एचडीएमआय केबल २, यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर २, चार्जर २, माउस २, रिमोटचे सेल, कोरडं मऊ कापड. दर २० यंत्रांमागे एक-दोन तयार यंत्रं राखीव ठेवा, आणि ती सवडीने कुणाला वापरायला देऊ नका. तक्रारवहीत खोली, यंत्राचा क्रमांक, वेळ आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहायचा. ‘चालत नाही’ एवढी नोंद स्वीकारू नका. तास थांबला असेल तर दहा मिनिटांत माणूस पोहोचावा, बाकीचं शाळा सुटल्यावर.

पहिले दोन आठवडे ती वही रोज वाचा. एकाच खोलीची तीनदा तक्रार आली तर यंत्र बदलण्याआधी तिथलं सॉकेट आणि केबल बदलून पाहा. परीक्षेच्या आठवड्यात अपडेट, नवं सॉफ्टवेअर, पासवर्ड बदल, सगळं थांबवा. आणि मोठ्या सुट्टीला जाताना लॅपटॉप साधारण निम्मे चार्ज करून, पूर्ण बंद करून, सावलीच्या कोरड्या खोलीत ठेवा, गाडीचा प्लग सॉकेटमधून काढून.