व्हिएन्नात मध्यवर्ती हॉटेल कसे निवडावे

युरोपातल्या एखाद्या शहरात चार-पाच दिवसांसाठी जायचे असेल, तर हॉटेल ‘सेंट्रल’ घ्या, असे सगळेच सांगतात. सेंट्रल कशाला म्हणायचे, ते मात्र कोणी सांगत नाही. आरक्षणाच्या संकेतस्थळावर ‘केंद्रापासून २.८ किमी’ असे लिहिलेले असते, शेजारी पाहुण्यांनी दिलेले गुण असतात, आणि तेवढ्यावर विसंबून लोक अख्ख्या कुटुंबाचे पैसे भरून मोकळे होतात. स्वतःसाठी आणि नातेवाइकांसाठी मी अशी पुष्कळ आरक्षणे केली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगते की किलोमीटरचा तो आकडा पाहून हॉटेल निवडू नये. तो बहुधा सरळ रेषेत मोजलेला असतो, आणि पाहुण्याला सरळ रेषेत कधीच जाता येत नाही. पुढची उदाहरणे व्हिएन्नाची आहेत, कारण ते शहर मला सर्वांत जवळून माहीत आहे आणि माझी मोठी चूकही तिथेच झाली.

तारखा, खर्चाची मर्यादा आणि माणसांची संख्या ठरलेली आहे, असे धरून चालते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर निवासाचे आरक्षण दाखवावे लागते, म्हणून शुल्काशिवाय रद्द करता येईल असेच आरक्षण करावे आणि प्रत्येकाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच घालावे.

पहिले काम: पत्त्यातला पिनकोड वाचणे

व्हिएन्नाचे २३ प्रभाग आहेत आणि पिनकोडच्या चार आकड्यांपैकी मधले दोन आकडे प्रभाग सांगतात. १०१० म्हणजे पहिला प्रभाग, १०७० म्हणजे सातवा, ११५० म्हणजे पंधरावा. हॉटेलच्या नावात राजवाडा, ऑपेरा किंवा ‘सिटी’ असे काहीही असो, पिनकोड खरे काय ते सांगून टाकतो.

पहिला प्रभाग म्हणजे रिंगश्ट्रासं या रस्त्याच्या आतले जुने शहर. तिथे पूर्वी तटबंदी होती. सम्राट फ्रान्झ योझेफ यांनी १८५७ मध्ये ती पाडण्याचा हुकूम दिला आणि तिच्या जागी झालेल्या रस्त्याचे उद्घाटन १८६५ मध्ये झाले. त्याच्या बाहेर, बऱ्याच अंतरावर, ग्युर्टेल नावाचा दुसरा मोठा वळसेदार रस्ता आहे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतचे प्रभाग येतात, दुसरा प्रभाग डोनाऊ कालव्याच्या पलीकडे आहे, आणि दहाव्यापासून पुढचे प्रभाग साधारणपणे ग्युर्टेलच्या बाहेर पडतात. १०२० ते १०९० हे पिनकोड आधी पाहावेत, असे माझे मत आहे. पहिल्या प्रभागात राहणे सुखाचे असते, पण तिथल्या भाड्यात मधल्या पट्ट्यातली याहून मोठी खोली मिळते आणि वेळ फारसा वाढत नाही.

नदीच्या नावावर मात्र भुलू नये. जुन्या शहराला लागून वाहतो तो डोनाऊ कालवा. खरी डोनाऊ, म्हणजे डॅन्यूब, तिथून दोन-तीन किलोमीटर दूर आहे. ‘डॅन्यूबच्या काठी’ अशी जाहिरात दिसली, तर ती यांपैकी कोणत्या पाण्याबद्दल आहे, हे नकाशावर पाहून घ्यावे.

खरे अवघड काम: मेट्रोची रेघ ओळखणे

माझी चूक या टप्प्यावर झाली, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आईबाबांना घेऊन गेले होते तेव्हा मी पंधराव्या प्रभागात, ग्युर्टेलच्या लगेच पलीकडे हॉटेल घेतले. अंतर तीन किलोमीटरच्या आत होते, मेट्रोचे स्थानक चार मिनिटांवर होते आणि खोली स्वच्छ होती. कागदावर सगळे चोख. स्थानकाचे नाव बुर्गगासं-श्टाटहाले. त्यावरून यू-६ ही रेघ जाते, आणि यू-६ जुन्या शहरात शिरतच नाही, ही गोष्ट मी पाहिलीच नव्हती. ती ग्युर्टेलच्या कडेने उत्तर-दक्षिण धावते. म्हणजे स्टेफान्सप्लाट्झला, सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलपाशी जायचे असेल, तर एक स्थानक पुढे वेस्टबानहोफला उतरायचे, सरकत्या जिन्यांनी खोल खाली जायचे, यू-३ पकडायची. आणि परत येताना हेच सगळे उलट.

नकाशाने हा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा दाखवला होता आणि तो तेवढाच होता. पण आईचे गुडघे दुखरे होते आणि सरकत्या जिन्यावर पाय टाकताना ती प्रत्येक वेळी थबकायची. मागून येणाऱ्यांची आपल्यामुळे अडचण होते असे वाटून ती बाजूला व्हायची, दोन-चार माणसांना पुढे जाऊ द्यायची, मग माझा दंड घट्ट धरून पहिली पायरी घ्यायची. सकाळी निघताना एकदा, दुपारी विश्रांतीला परतताना एकदा, संध्याकाळी पुन्हा दोनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर आल्यावर ती म्हणाली, “आता तुम्ही दोघं जाऊन या, मी इथेच बरी आहे.” व्हिएन्नाची संध्याकाळ, रिंगवरचे दिवे, रोषणाईतले ऑपेराचे घर, हे सगळे तिचे राहून गेले, आणि याला माझी निवड कारण होती.

तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. त्याच स्थानकासमोर ४९ क्रमांकाची ट्राम थांबत होती आणि ती थेट रिंगवर, फोल्क्सथिएटरपाशी नेत होती. ना खाली उतरणे, ना गाडी बदलणे. रस्त्यावरून उचललेले पाऊल सरळ ट्राममध्ये. मी दोन दिवस तिच्याकडे पाहत होते, पण मेट्रो म्हणजेच वेग असे डोक्यात बसल्यामुळे तिचा विचारच केला नव्हता. ज्येष्ठ माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील, तर दहा मिनिटे जास्त घेणारी ट्राम ही खोल मेट्रोपेक्षा नेहमीच चांगली.

म्हणून आता हॉटेलच्या दारापासून मेट्रो किती मिनिटांवर आहे, हे मी पहिला प्रश्न म्हणून विचारत नाही. ती रेघ मला जायचे आहे तिथे गाडी न बदलता नेते का, हे आधी विचारते. व्हिएन्नापुरते याचे उत्तर सोपे आहे. स्टेफान्सप्लाट्झवर यू-१ आणि यू-३ येतात. ऑपेराजवळच्या कार्ल्सप्लाट्झवर यू-१, यू-२ आणि यू-४ येतात. श्योनब्रुनचा राजवाडा यू-४ वर आहे. या रेघांवरचे हॉटेल चालेल. फक्त यू-६ वरचे हॉटेल जवळ ट्राम नसेल तर मी घेत नाही, मग ते कितीही स्वस्त असो.

हा हिशेब मांडला की विचित्र वाटणारे निष्कर्ष निघतात. डोनाऊच्या पलीकडे बाविसाव्या प्रभागात, यू-१ च्या काइझरम्युलेन स्थानकाशेजारचे हॉटेल केंद्रापासून बरेच दूर दिसते. पण तिथून सहाव्या स्थानकावर स्टेफान्सप्लाट्झ येते आणि वाटेत काहीही बदलावे लागत नाही. आमचे ग्युर्टेलवरचे हॉटेल आकड्याने जवळ होते, पण रोजच्या जाण्यायेण्यात ते यापेक्षा दूर होते. तरीही काइझरम्युलेनची शिफारस मी सरसकट करत नाही, कारण तो भाग कार्यालयांच्या उंच इमारतींचा आहे आणि रात्री जेवून रमतगमत परतण्याचा आनंद तिथे मिळत नाही.

तपासणी अशी करावी. नकाशाच्या अॅपमध्ये हॉटेलचा पत्ता आणि स्टेफान्सप्लाट्झ घालून सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग काढावा. एकदा सकाळी नऊची वेळ घालून, आणि एकदा उलट दिशेने, आठवड्यातल्या साध्या दिवसाची रात्री साडेदहाची वेळ घालून, कारण ऑपेरा किंवा मैफल संपून माणसे त्या सुमारास बाहेर पडतात. शुक्रवारी आणि शनिवारी व्हिएन्नाची मेट्रो रात्रभर चालते, इतर रात्री ती मध्यरात्रीनंतर बंद होते आणि मग रात्रीच्या बसवर विसंबावे लागते. दोन्ही वेळी दारापासून दारापर्यंत वीस मिनिटांच्या आत, चालणे सहा मिनिटांच्या आत, आणि बदल शून्य, हे माझे माप आहे. एखादा बदल टाळता येत नसेल, तर तो कुठे आहे ते पाहावे: लेंगनफेल्डगासंला यू-४ आणि यू-६ एकाच फलाटाच्या दोन बाजूंना येतात, तिथे बदलणे म्हणजे चार पावले चालणे, वेस्टबानहोफचे मी वर लिहिलेच आहे. त्यानंतर रस्त्याचे फोटो उघडून स्थानकापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर स्वतःच्या डोळ्यांनी चालून पाहावेत. ग्युर्टेलसारखा अनेक पदरी रस्ता मध्ये येतो का, चढ आहे का, दगडी फरसबंदी आहे का. चाकांची बॅग ओढणाऱ्याला हे सगळे नंतर हातांनी कळते.

मला विचाराल तर हे भाग पाहावेत: तिसऱ्या प्रभागात लांडश्ट्रासं आणि रोखुसगासंच्या आसपास, चौथ्यात टाउबश्टुमेनगासंजवळ, सातव्यात फोल्क्सथिएटर आणि नॉयबाउगासंच्या मध्ये, दुसऱ्यात नेस्ट्रॉयप्लाट्झजवळ. चारही ठिकाणांहून स्टेफान्सप्लाट्झ एका गाडीत, दोन-तीन स्थानकांवर आहे. त्यातही लांडश्ट्रासं मला सर्वांत आवडते, कारण शेजारच्याच वीन मिट्टे स्थानकावर विमानतळाची लोकल एस-७ येते आणि सामान घेऊन मध्ये कुठे गाडी बदलावी लागत नाही. हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानक, यू-१ वरच असल्यामुळे तेही मापात बसते; पहाटेच्या गाडीने बुडापेस्ट किंवा साल्झबुर्गला जायचे असेल, तर शेवटच्या रात्रीपुरते तिथे राहावे.

इमारत

व्हिएन्नात ‘पेन्सिओन’ नावाची छोटी अतिथिगृहे असतात. जुन्या निवासी इमारतीचा एखादा मजला त्यांच्याकडे असतो. ती मला मोठ्या हॉटेलांपेक्षा आवडतात, पण त्यांच्या बाबतीत मजल्याचा आकडा जसाच्या तसा मानू नये. जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ असे मजले येतात आणि त्यानंतर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे ‘दुसरा मजला’ हा प्रत्यक्षात चौथा असू शकतो. लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत पोहोचायला काही ठिकाणी अर्धा जिना चढावा लागतो. आरक्षण करण्यापूर्वी एका ओळीचा ईमेल पाठवून विचारावे: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि स्वागतकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो. उत्तर यायला दोन दिवस लागले, तर ते ठिकाण सोडून द्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल, तर वातानुकूलन आहे, असे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय खोली घेऊ नये. युरोप थंड असतो, हा आपल्याकडचा समज व्हिएन्नाच्या उन्हाळ्याला लागू पडत नाही. पारा तिशीच्या वर जातो आणि जाड भिंतींची जुनी इमारत एकदा तापली की रात्रभर निवत नाही. इतर दिवसांत खोली आतल्या चौकाकडे उघडणारी मागावी. श्वेडनप्लाट्झजवळच्या मद्यालयांच्या गल्ल्यांना तिथले लोक बर्म्युडा ट्रँगल म्हणतात. त्या बाजूला खिडकी आली, तर शनिवारची रात्र जागून काढावी लागते.

सकाळचा नाश्ता भाड्यात घ्यावा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि दूध-पावासाठी मोठ्या रेल्वे स्थानकातल्या दुकानापर्यंत जावे लागते. शहराचा निवास कर भाड्यात धरला आहे का, तेही पाहावे.

दुसऱ्या शहरांत

रीत हीच, पण प्रत्येक शहराची अडचण वेगळी. पॅरिसच्या पिनकोडमधले शेवटचे दोन आकडे आणि बुडापेस्टच्या पिनकोडमधले मधले दोन आकडे प्रभाग सांगतात; प्रागमध्ये पत्त्यात ‘प्राहा १’ असे लिहिलेले असावे. रोमची मेट्रो पिआत्सा नवोना आणि पँथिऑनच्या भागात जात नाही, म्हणून तिथे मेट्रोपेक्षा पायी अंतराला महत्त्व द्यावे. लिस्बनमध्ये अंतर थोडे आणि चढ फार.

व्हेनिसच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. ‘व्हेनिस’ या नावाखाली दाखवलेली कितीतरी हॉटेले मेस्त्रे या मुख्य भूमीवरच्या भागात असतात. बेटांवर जायला तिथून गाडी पकडावी लागते. आणि बेटावरचे हॉटेल घेतले, तर सांता लुचिया स्थानक किंवा वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या प्रवासी बोटीच्या, धक्क्यापासून वाटेत किती पूल लागतात, ते मोजावे. बहुतेक पुलांना पायऱ्या असतात आणि प्रत्येक पुलावर बॅग उचलून न्यावी लागते.

आरक्षण पक्के झाल्यावर

मेट्रो स्थानकाच्या कोणत्या दाराने बाहेर पडायचे, ते हॉटेलकडून विचारून घ्यावे. व्हिएन्नात स्थानकातून बाहेर पडण्याच्या दारांवर रस्त्यांची नावे लिहिलेली असतात आणि एका स्थानकाची दोन दारे एकमेकांपासून कित्येकदा दोन-तीनशे मीटर दूर असतात. ते नाव, हॉटेलचा पत्ता आणि दाराचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवावा. ज्येष्ठांसाठी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टच्या पाकिटात घालावे.