गटातली लिहिती माणसं शोधावी कशी, दाद द्यावी कशी

लेखनाच्या आमच्या व्हॉट्सअॅप गटात साठेक माणसं आहेत, दहिसरपासून बदलापूरपर्यंत पसरलेली. रोज लिहिणारी त्यातली सहा-सात. नावं तेवढ्यांचीच सगळ्यांना पाठ. बाकीचे कधीमधी काहीतरी टाकतात, वर दोन ‘अप्रतिम’ आणि चार हात जोडलेले येतात, आणि संध्याकाळपर्यंत ते लेखन सुविचारांच्या ढिगाखाली गाडलं जातं.

मीही त्याच ढिगातला. गेल्या पावसाळ्यात परळच्या एका ताईंची कथा आली. गाडीत लोंबकळत वाचली आणि लगेच लिहिलं, ‘शेवट अर्ध्यावर सोडलात, फार सूचक!’ त्यांचं उत्तर आलं, ‘दादा, खाली “अधिक वाचा” लिहिलंय, ते दाबा.’ पाऊण कथा त्या दोन शब्दांखाली होती. तेव्हापासून मी गटातल्या लोकांना नीट वाचायला लागलो. काय केल्यावर जमलं ते क्रमाने सांगतो.

आधी जुनं उकरा

नवं लेखन आपोआप डोळ्यांसमोर येतं. गप्प बसणारी माणसं मागे सापडतात. गटाच्या शोधपट्टीत ‘कथा’, ‘कविता’, ‘भाग १’, ‘पहिलाच प्रयत्न’, ‘चुकलं तर सांगा’ असे शब्द टाकून पाहा. शेवटचे दोन तर हमखास सोनं देतात. ज्याला खरंच भीती वाटते तोच असं लिहितो. रोमन लिपीत ‘कविता’ टाकूनही शोधा, कारण बरीच ज्येष्ठ मंडळी अजून मराठी तशीच टाइप करतात. हस्तलिखिताचे फोटो टाकणारे शोधात येतच नाहीत. त्यासाठी गटातले फोटो एकदा चाळावे लागतात, आणि गणपतीच्या मखरांच्या दोनशे फोटोंतून वाट काढायची तयारी ठेवावी लागते.

सापडलेल्या मेसेजवर चांदणी लावून ठेवा. ती फक्त तुम्हालाच दिसते, त्यामुळे कुणाला लावली, कुणाला नाही, हा रुसवाफुगवा होत नाही. शिवाय एक साधी वही ठेवा: नाव, काय लिहिलं, आवडलेली एक ओळ. माझ्या वहीत दोन महिन्यांत तेवीस नावं झाली. त्यातल्या चौदा जणांनी काही लिहिलेलं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

गटाबाहेरचं बघायचं तर दिवाळी अंकांची अनुक्रमणिका खालून वर वाचा. नेहमीची वजनदार नावं वर असतात, ओळखीचं कुणीतरी खाली कवितांच्या विभागात चिकटलेलं असतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मुंबईतून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा चालत आली. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही. मुंबईतली बरीच वाचनालयं ठरावीक वर्गणीत दिवाळी अंक वाचायला देतात. तुमच्या भागातल्या वाचनालयात दसऱ्याच्या सुमारास चौकशी करा.

मग वाचा, पण बसून

हे मला फार सांगायचं नाही, माझी फजिती वर आलीच आहे. सव्वानऊच्या जलद गाडीत मथळा वाचता येतो, कथा नाही. परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर तेव्हा, नाहीतर रात्री. आणि एकाचं एकच वाचून मत बनवू नका, तीन तरी वाचा.

दाद कशी लिहावी

सगळी गंमत इथे आहे, म्हणून थोडा वेळ थांबतो.

‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘निःशब्द’ ही दाद नव्हे, पोच आहे. (निःशब्द झालेला माणूस तो एक शब्द तरी कसा लिहितो, हे मला अजून कळलेलं नाही.) लिहिणाऱ्याला हवा असतो पुरावा, की समोरच्याने खरंच वाचलंय. तो पुरावा म्हणजे त्याचीच एखादी ओळ.

परळच्या त्या ताई डबे करतात. त्यांच्या एका लेखात असं आहे: ‘पावसाळ्यात कोथिंबीर महागली की आमच्या डब्यातली भाजी टक्कल पडल्यासारखी दिसते.’ त्यावर गटात सात ‘खूप छान’ आले होते. मी उशिरा, जवळजवळ वर्षभराने, त्यांना वेगळा मेसेज केला:

‘ताई, कोथिंबिरीचं टक्कल वाचून मी गाडीत एकटाच हसलो. पण पुढे तुम्ही त्या दिवशी डब्यावर खोबरं भुरभुरलंत आणि गिऱ्हाईकाला ते आवडलं, हे एका ओळीत उरकलंत. ते गिऱ्हाईक कोण होतं? अजून वाचायला आवडलं असतं.’

एक ओळ, ती वाचताना आपलं काय झालं, आणि एक खराखुरा प्रश्न. बस, एवढंच. ताईंनी उत्तरादाखल सहा परिच्छेद पाठवले, तीच त्यांची पुढची गोष्ट झाली.

सूचना करायची असेल तर आधी विचारा, ‘दोन गोष्टी खटकल्या, सांगू का?’ नको म्हणाले तर खरंच गप्प बसा. शुद्धलेखनाच्या चुका चारचौघांत दाखवू नका. ऱ्हस्व-दीर्घावरून लिहिणं कायमचं सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणारं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद झालं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना किती बारकाईने पत्रं लिहीत, हे मराठीत अजून सांगितलं जातं. ती पत्रं लेखकाच्या घरी जायची. गावभर फिरवली जात नव्हती.

नाव शाबूत ठेवा

आवडलेलं पुढे पाठवावंसं वाटतंच. आधी लेखकाला विचारा. मग नाव लिहा, आणि ते वर आणि खाली दोन्हीकडे लिहा, कारण लोक मधलाच मजकूर उचलतात. ‘साभार’ म्हणजे नाव नव्हे. ‘लेखक अनामिक’ तर मुळीच नको. लेखक अनामिक नसतो, आपण शोधायचा कंटाळा केलेला असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार लेखनाचे हक्क विकून टाकल्यावरही, हे माझं आहे असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. कायद्याची भीती घालायला हे सांगत नाही. पण आपल्या मावशीनेच आपली कविता एखाद्या थोर कवीच्या नावाने आपल्याला पाठवली की काय वाटतं, ते ज्याचं त्याला कळतं.

महिन्याला एकजण

आम्ही आता दर महिन्याला वहीतलं एक नाव उचलतो. त्या माणसाची तीन जुनी लेखनं सगळे वाचतात आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटतात. शाल नाही, श्रीफळ नाही, ‘दोन शब्द’ नाहीत. त्या माणसाचं लेखन दुसरं कुणीतरी मोठ्याने वाचतं आणि तो नुसता ऐकतो. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस कसा चुळबुळतो, ते बघण्यासारखं असतं.

जागा दादरचीच धरा. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरच्यांना ती सोयीची. हार्बरवाल्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, त्यांची आधीच माफी मागून ठेवा. रविवार पक्का करण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहा. एकदा आम्ही पाहिला नाही आणि उत्सवमूर्तीच ठाण्यात अडकली. उन्हाळ्या-हिवाळ्यात शिवाजी पार्कचा कट्टा फुकट असतो, संध्याकाळी पाचनंतर सावलीही असते. फक्त क्रिकेटच्या आरडाओरड्यावर चढेल असा आवाज असलेला वाचक निवडा. पावसाळ्यात कुणाच्या तरी सोसायटीचं ऑफिस मागायचं. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्यासाठी वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवा, पण गटात टाकण्याआधी लेखकाला.

आणि जमलं तर छापा

पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुण कवींनी मुंबईत ‘शब्द’ हे नियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून शाईने प्रती काढून. आपल्याला झेरॉक्सचं दुकान पुरे. ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. पानांचा क्रम दुकानदारावर सोडू नका, आधी कोरे कागद दुमडून त्यांवर आकडे घाला आणि तो नमुना त्याच्या हातात द्या. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. लांब दांड्याचा नसेल तर सुई-दोऱ्याने तीन टाके घाला, जास्त टिकतात.

ताईंच्या पुस्तिकेच्या आम्ही पंचवीस प्रती काढल्या. त्यांनी स्वतःसाठी तीन मागितल्या. एक मुलीला, एक त्या खोबरंवाल्या गिऱ्हाइकाला, आणि एक भाजीवाल्या भाऊंना, कोथिंबिरीचा भाव वाचून दाखवायला.