फळांचे मोती चपटे, चिकट, मऊ का होतात? या चुका टाळा

फळांचे मोती म्हणजे फळाच्या रसाचे थेंब गार तेलात गोठवून केलेल्या जेलीच्या बारीक गोळ्या. मे-जूनमध्ये बेळगाव-खानापूरकडे करवंदं आणि जांभळं मिळतात, कोकम तर वर्षभर असतंच. तिघांच्याही मोत्यांना सुरेख रंग येतो. पण तिन्ही फळं आंबट, आणि मोती फसण्याचं निम्मं कारण हा आंबटपणाच असतो.

आधी प्रमाण. 100 मिली पाणी, 100 मिली गाळलेला रस, 2 ग्रॅम अगर-अगर पावडर (समुद्री शेवाळापासून केलेली, रस घट्ट करणारी) आणि दोन-तीन चमचे साखर. पावडर चमच्याने मोजू नका, छोट्या डिजिटल काट्यावर तोला. चायना ग्रासच्या पट्ट्या म्हणजेही अगरच, पण त्या पावडरीपेक्षा कमी घट्टपणा देतात, म्हणून वजन तेच ठेवलं तर मोती लिबलिबीत होतात. गोड, स्वादाची तयार जेली पावडर इथे चालत नाही.

रस आणि अगर एकत्र उकळणं ही सगळ्यात मोठी चूक. आंबट द्रवात उकळलं की अगरची पकड सैल पडते. मोती तेलात गोल दिसतात आणि गाळणीत आले की फुटतात. अगर गार पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मग ढवळत दोन मिनिटं खळखळून उकळा. साखर त्यानंतर घाला. गॅस बंद करून रस शेवटी ओता, पण तो कोमट हवा. फ्रिजमधला रस ओतला की जागच्या जागी गुठळ्या होतात. कोकमासाठी आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. सरबताचं गोड सिरप घेतलंत तर वरची साखर वगळा.

आता तेल. वास नसलेलं रिफाइंड सूर्यफूल तेल उंच, अरुंद ग्लासात निदान 15 सेंमी उंचीपर्यंत भरा आणि 40-45 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पसरट पातेल्यात थेंब गोठण्याआधीच तळाला टेकतो आणि चपटा होतो. तेल पुरेसं गार नसलं तरी तेच होतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास मोत्यांना लागतो आणि खोबरेल फ्रीझरमध्ये दगड होतं, म्हणून दोन्ही नकोत.

मिश्रण 50 अंशांच्या आसपास आलं की सुईशिवायच्या सिरिंजने थेंब सोडा. फार गरम असेल तर वरचं तेल तापून मोती एकमेकांना चिकटतात, फार निवलं तर थेंबांना शेपट्या येतात. अगर 35-40 अंशांना गोठतं, मात्र पुन्हा वितळायला 85 अंशांपर्यंत तापवावं लागतं. सिरिंजमध्ये एकदा गोठलं तर परत उकळावं लागतं, आणि आता त्यात आंबट रस असतो. म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवूनच काम करा. थेंब एकाच जागी न सोडता हात फिरवत राहा. मध्येच तेल तापल्यासारखं वाटलं तर ग्लास दहा मिनिटं परत फ्रीझरमध्ये.

मोती गाळून गार पाण्यात दोनदा हलक्या हाताने धुवा, नाहीतर सरबतावर तेलाचा तवंग येतो. उरलेल्या तेलात पाण्याचा अंश राहतो, त्यामुळे ते लगेच फोडणीला घेतलं तर उडतं. ते निवळू द्या, गाळा आणि पुढच्या मोत्यांसाठीच ठेवा.

दाताखाली फुटून रस सुटणारे मोती हवे असतील तर सोडियम अल्जिनेट (शेवाळापासूनचीच, कॅल्शियमने घट्ट होणारी पावडर) लागतं: 200 मिली रसात 1 ग्रॅम, आणि 500 मिली पाण्यात 5 ग्रॅम खाण्याचं कॅल्शियम लॅक्टेट. रसाचे थेंब तेलाऐवजी या पाण्यात सोडायचे. इथे बोअरचं जड पाणी घात करतं. त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेट आधीच घट्ट होतं, तेव्हा आरओचं पाणी घ्या. करवंद-कोकमाच्या आंबट रसातही ते नीट विरघळत नाही. सुरुवात कलिंगडापासून करा. हे मोती आतून गोठतच जातात, त्यामुळे पाहुणे बसल्यावरच करायला घ्या.

अगरचे मोती साखरेच्या पातळ पाकात किंवा त्याच फळाच्या रसात फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. साध्या पाण्यात रंग आणि गोडी दोन्ही उतरतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळल्यावर पाणी सुटून ते चोथट होतात. बासुंदी, श्रीखंड, लिंबू सरबत यांवर ते शोभतात. कुंद्यावर (बेळगावची खव्याची मिठाई) मात्र घालू नका: मोत्यांचं पाणी उतरून त्याचा रवाळपणा जातो.