वर्गात सिनेमा दाखवताय? या चुका टाळा

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "आठवीसाठी चांगल्या सिनेमांची यादी आहे का?" पाच मिनिटांत वीस नावं येतात आणि पुढच्या शनिवारी त्यातलंच एखादं कुठल्यातरी वर्गाच्या भिंतीवर सुरू होतं. यादी पाठवणाऱ्यानं तो सिनेमा वर्गात कधी दाखवलेला नसतो, मागणाऱ्यानं धड पाहिलेला नसतो. याचा मला मनापासून राग येतो. नुकसान मुलांचं होतं, आणि ते कसं होतं हे मी माझ्याच वर्गात पाहिलंय.

सातवीला मी 'तान्हाजी' (२०२०) दाखवला होता. कोंढाण्याची लढाई मुलांना चौथीपासून ठाऊक. वर्ग भारावून गेला, मलाही वाटलं की धडा पोचला. पंधरा दिवसांनी चाचणीत विचारलं, कोंढाणा परत घेणं शिवाजी महाराजांना का गरजेचं होतं? निम्म्याहून जास्त पेपरांत उत्तर आलं ते 'नागीण' तोफेचं. ही तोफ सिनेमासाठी रचलेली आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणाही होता, हे चार-पाच जणांनीच लिहिलं. पेपर वाटले तेव्हा वर्गातली एक हुशार मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "पण सर, तुम्हीच तर दाखवलंत ना?"

तिचं म्हणणं खरं होतं. शिक्षक वर्गात जे दाखवतो त्यावर शिक्षकाचा शिक्का बसतो. घरी आईबाबांबरोबर पाहिलेला सिनेमा आणि इतिहासाच्या तासाला पाहिलेला सिनेमा, यांत मुलांच्या लेखी फार फरक असतो. मी त्या प्रश्नाचे गुण कुणाचेच कापले नाहीत. तो भाग पुन्हा शिकवला.

तेव्हापासून ऐतिहासिक काही दाखवायचं असेल तर फळ्यावर आधी तीन रकाने आखतो : 'पुस्तकातही आहे', 'फक्त सिनेमात आहे', 'शोधायचं आहे'. मुलं बघता बघता वहीत नोंदी करतात आणि रकाने त्याच दिवशी, घंटा व्हायच्या आत भरले जातात. "उद्या बोलू" म्हणून सोडलं की उद्यापर्यंत मुलांच्या डोक्यात तोफच राहते. तिसरा रकाना ग्रंथालयाच्या तासाला घेऊन जातो. खरा अभ्यास तिथं होतो.

यासाठी सिनेमा आधी एकट्यानं पाहावा लागतो. मी वही घेऊन बसतो, कुठल्या मिनिटाला थांबायचं, काय विचारायचं ते लिहितो. सव्वादोन तासांच्या सिनेमाला माझे चार तास जातात. नव्या शिक्षकांना हे सांगितलं की ते तयार नोंदी मागतात. मी देत नाही. दुसऱ्यानं ठरवलेल्या जागी थांबवलेला सिनेमा तुम्हाला चालवता येत नाही, कारण तुमच्या मुलांना कुठं अडेल हे त्या दुसऱ्याला माहीत नसतं.

काही चुका एकेका ओळीच्या. शिक्षक रजेवर आहेत म्हणून सिनेमा लावू नका, मुलं त्याला कायमचा ऑफ तास समजतात. पडदे आणि स्पीकर आदल्या दिवशी तपासा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा, आता यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचे) सिनेमांत ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे वयोगट आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ची, परवानगी न घेता सिनेमा दाखवण्याची सवलत आपल्या शाळेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढ्यांपुरती आहे. बाहेरच्यांना बोलावून शो करू नका आणि पेनड्राइव्हवर फिरणारी चोरटी प्रत तर शाळेत आणूच नका. लहान मुलाच्या डोळ्याच्या कर्करोगावरच्या 'श्वास' (२००४) सारखा सिनेमा लावण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा, कुणाच्या घरी मोठं आजारपण आहे का. त्या अंधारात एखादं मूल एकटंच रडत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

'संविधान' (२०१४) ही दहा भागांची मालिका नागरिकशास्त्राला सोन्यासारखी आहे. पण भाग संपल्यावर "कुणाचं काम आवडलं?" असं विचारून तो तास वाया घालवू नका. संविधान सभेची भाषणं छापील स्वरूपात आहेत. पाच मिनिटांचा प्रसंग दाखवा आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या बाबासाहेबांच्या भाषणातलं एक पान मुलांच्या हातात द्या.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी चूक : सिनेमा सलग दाखवणं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पूर्ण सिनेमा बसत नाही, म्हणून लोक तीन तासिका जोडतात. पहिल्या वीस मिनिटांनंतर मुलं फक्त गोष्ट बघत असतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी शाळेच्या तीन तासिका कशाला? मी चार-पाच मिनिटांचा तुकडा घेतो आणि दोनदा दाखवतो, पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. मुलं तेव्हा खरोखर बघतात.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मध्ये दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं चित्रण करतात. हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला प्रदर्शित झाला, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी हा छोटा चित्रपट केला होता. मी सहावीला विज्ञानाच्या तासाला तेवढाच प्रसंग दाखवला आणि खिडकीत कुंडी ठेवली. मोबाइल एकाच जागी टेकवून मुलांनी रोज एक फोटो काढला. पंधरा दिवसांनी पंधरा फोटो जोडले. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरत, त्या वेगानं चालवल्यावर रोप सेकंदभरही दिसलं नाही. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग फाळक्यांनी किती काढले असतील?"

फळ्यावर गणित मांडून झालं आणि मुलांनी त्याच दिवशी नवे वाटाणे पेरले. या वेळी दिवसाला आठ फोटो, पाळीपाळीनं.